घरांवरून हरलेली निवडणूक : लॉस एंजेलिस, 1953

लॉस एंजेलिस शहरात 26 मे 1953 रोजी झालेल्या महापौरपदाच्या निवडणुकीचे स्मरण अमेरिकेत सहसा दोन निमित्तांनी होते. एक म्हणजे कम्युनिस्टविरोधी लाटेने शहरी राजकारण कसे ढवळून काढले याचे उदाहरण म्हणून, आणि दुसरे म्हणजे ज्या जागेवर पुढे डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रचंड क्रीडागार उभे राहिले त्या जागेच्या इतिहासातला एक टप्पा म्हणून. दोन्ही निमित्ते खरी असली तरी ती निवडणूक मुळात ज्या प्रश्नावर लढली गेली त्याच्यापासून वाचकाला थोडी दूर नेतात. शहराच्या मध्यवर्ती आणि मोलाच्या जमिनीवर गरिबांसाठी भाड्याची घरे बांधण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेला असावा काय, आणि एकदा केलेला तसा करार शहराने पाळावा काय, हा तो प्रश्न होता.

अमेरिकेतील मोठ्या शहरांचा महापौर हा मुंबई-पुण्याच्या महापौरासारखा नगरसेवकांनी निवडलेला नसतो. तो थेट मतदारांकडून निवडला जातो आणि अनेक शहरांत कारभाराचा प्रमुखही तोच असतो. लॉस एंजेलिसच्या सनदेने मात्र त्याचे हात बरेच बांधून ठेवले होते. पंधरा सदस्यांची नगरसभा, पोलीस, बंदर, पाणी व वीज अशा खात्यांवरील नागरिकांची आयोगे आणि सेवानियमांनी सुरक्षित केलेले खातेप्रमुख यांच्यामध्ये सत्ता वाटली गेली होती. त्यामुळे न्यूयॉर्क किंवा शिकागोच्या महापौराचा वचक लॉस एंजेलिसच्या महापौराला कधी लाभला नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुधारकांनी शहरातील निवडणुका पक्षविरहित केल्या होत्या. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसे, आणि प्राथमिक फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांमध्ये अंतिम फेरी होत असे. पक्षयंत्रणा हटवल्याने निवडणुका निर्मळ होतील ही सुधारकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात रिकामी झालेली जागा वर्तमानपत्रांनी आणि मध्यवर्ती व्यापारी भागातील धनिकांनी भरून काढली, आणि 1953 ची निवडणूक समजून घ्यायची तर ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

फ्लेचर बाउरन हे याच सुधारक परंपरेतून वर आलेले होते. 1930 च्या दशकात महापौर फ्रँक शॉ यांच्या कारकिर्दीत शहरातील जुगार, वेश्याव्यवसाय आणि पोलीस यांचे साटेलोटे उघडपणे बोलले जाऊ लागले होते. त्याविरुद्ध मोहीम चालवणारे उपाहारगृहांचे मालक क्लिफर्ड क्लिंटन यांच्या घरात 1937 साली बाँबस्फोट झाला, आणि पुढच्याच जानेवारीत हॅरी रेमंड या खासगी तपासनिसाची मोटार उडवून देण्यात आली. रेमंड वाचले, आणि त्या कटाबद्दल पोलीस खात्यातल्याच एका कॅप्टनला शिक्षा झाली. सप्टेंबर 1938 मध्ये मतदारांनी मुदत संपण्यापूर्वीच मत देऊन शॉ यांना पायउतार केले, आणि त्यांच्या जागी वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीश असलेले बाउरन निवडून आले. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या शहराच्या महापौराला मतदारांनी अशा रीतीने परत बोलावण्याची ती पहिलीच वेळ होती. बाउरन रिपब्लिकन होते, काटकसरी होते, वृत्तीने पुराणमतवादी होते. 1942 साली जपानी वंशाच्या नागरिकांना किनारपट्टीवरून हलवून छावण्यांत डांबण्यात आले तेव्हा त्या मागणीचा रेडिओवरून हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत ते पुढे होते. अशा माणसाला अकरा वर्षांनंतर समाजवादाचा पाठीराखा ठरवण्यात आले, यावरून त्या काळाच्या हवेची कल्पना यावी.

बाउरन यांच्या कारकिर्दीत शहर झपाट्याने वाढले. 1940 मध्ये पंधरा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 1950 मध्ये जवळजवळ वीस लाखांवर पोहोचली. विमाने आणि जहाजे बांधणाऱ्या युद्धकालीन कारखान्यांकडे देशभरातून कामगार आले, दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आली, युद्ध संपल्यावर सैनिक परतले, आणि घरांचा तुटवडा इतका झाला की माणसे गॅरेजमध्ये, बराकींत आणि ओढून नेण्याच्या फिरत्या घरांत राहू लागली. खासगी बांधकाम व्यावसायिक सान फर्नांडो खोऱ्यात बैठी घरे धडाक्याने उभारत होते, पण ती विकत घेण्याइतका पैसा ज्यांच्याकडे नव्हता, किंवा पैसा असूनही ज्यांच्या वर्णामुळे ती त्यांना मिळत नव्हती, त्यांच्यासाठी बाजाराकडे उत्तर नव्हते. घराच्या खरेदीखतातच ते अश्वेत व्यक्तीला विकू नये अशी अट घालण्याची प्रथा होती. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला, तरी व्यवहारातली अडवणूक त्याने लगेच थांबली नाही.

या पार्श्वभूमीवर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै 1949 मध्ये गृहनिर्माण कायद्यावर सही केली. देशभरात सहा वर्षांत 8 लाख 10 हजार सार्वजनिक घरे बांधण्याचा त्यात संकल्प होता. योजनेची रचना अशी होती की घरे बांधण्याचे व चालवण्याचे काम शहराच्या स्वतंत्र गृहनिर्माण प्राधिकरणाने करावे, त्यासाठी रोखे काढून पैसा उभारावा, त्या रोख्यांची परतफेड संघीय सरकारच्या वार्षिक अनुदानातून व्हावी, आणि भाडेकरूंकडून त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने माफक भाडे घ्यावे. शहराच्या वाट्याला येणारे काम म्हणजे संमती देणे, रस्ते बंद करण्यासारखी मदत करणे आणि नेहमीच्या मालमत्ता कराऐवजी भाड्याचा ठरावीक हिस्सा स्वीकारणे. लॉस एंजेलिसच्या नगरसभेने ऑगस्ट 1949 मध्ये अशी 10 हजार घरे बांधण्याच्या कराराला एकमताने मान्यता दिली. खर्चाचा अंदाज 11 कोटी डॉलरचा होता. त्या दिवशी एकाही नगरसेवकाला या कामात समाजवाद दिसला नव्हता, ही नोंद महत्त्वाची आहे.

योजनेतील सर्वांत मोठी वसाहत चावेझ रव्हीन या भागात व्हायची होती. शहराच्या मध्यापासून अगदी जवळ, टेकड्यांच्या घळीत पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या, आणि त्यांत राहणाऱ्या हजारावर कुटुंबांपैकी बहुतेक मेक्सिकन वंशाची होती. पालिकेच्या दफ्तरात ही झोपडपट्टी होती. रस्ते कच्चे होते, काही घरांत नळ-गटाराची सोय नव्हती, आणि अंगणात कोंबड्या-शेळ्या असत. रहिवाशांच्या लेखी मात्र ते स्वतःच्या मालकीच्या घरांचे, स्वतःच्या चर्चचे आणि शाळेचे गाव होते. इतरत्र घर घेण्याची वाट बंद असलेल्या माणसांनी ते दोन-तीन पिढ्यांत हाताने उभारले होते. जुलै 1950 मध्ये प्राधिकरणाची पत्रे घरोघर पोहोचली: जागा घेतली जाईल, मोबदला मिळेल, आणि नव्या घरांत पहिला हक्क तुमचा राहील. रिचर्ड नॉइट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या नामांकित वास्तुशिल्पींनी ‘एलिझियन पार्क हाइट्स’ नावाचा आराखडा केला. त्यात तेरा मजल्यांचे चोवीस मनोरे, दीडशेहून अधिक दुमजली इमारती आणि तीन हजारांवर घरे होती. तेरा मजले हा आकडाही योगायोगाचा नव्हता, कारण त्या काळी शहरात नगरभवनाचा अपवाद वगळता त्याहून उंच इमारतीला परवानगीच नव्हती. नॉइट्रा यांना तिथल्या जुन्या वस्तीचा जिव्हाळा कळत होता असे म्हणतात, पण आराखड्यात मनोरे राहिलेच. रहिवाशांनी सभांतून आणि सुनावण्यांतून विरोध नोंदवला. म्हणजे सार्वजनिक गृहनिर्माणाचा पहिला विरोध ज्यांच्यासाठी ते होते त्यांतल्याच काहींकडून आला. त्यांच्या म्हणण्याकडे समर्थकांनी दुर्लक्ष केले, आणि विरोधकांनी ते आपल्या सोयीपुरते वापरले.

खरा संघटित विरोध दुसऱ्या दिशेने आला. घरबांधणी करणारे व्यावसायिक, जमीन-घरांचे दलाल, घरमालकांच्या संघटना आणि वाणिज्य मंडळ यांना सरकार आपल्या धंद्यात प्रतिस्पर्धी म्हणून उतरते आहे असे वाटत होते. त्यांनी ‘समाजवादी घरांविरुद्ध नागरिक’ अशा अर्थाच्या नावाची समिती काढली, आणि नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘कॅश’ असा शब्द बनत होता. त्यामागील आर्थिक हेतू नावातच उघड पडावा ही गंमत बहुधा त्यांच्या ध्यानात आली नसावी. त्यांना ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या सर्वांत प्रबळ वर्तमानपत्राची साथ मिळाली. त्याचे प्रकाशक नॉर्मन चँडलर यांच्या घराण्याची दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जमिनीत मोठी गुंतवणूक होती, आणि शहर कोणत्या दिशेने वाढावे याविषयीच्या त्यांच्या मतांमागे पिढ्यांचा व्यवहार होता. राज्याच्या पातळीवरही वारे फिरले होते. नोव्हेंबर 1950 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्यघटनेत एक कलम घातले, आणि त्यान्वये अल्पभाड्याची सार्वजनिक वसाहत बांधण्यापूर्वी स्थानिक मतदारांचा कौल घेणे बंधनकारक झाले. लॉस एंजेलिसचा करार त्याआधीचा असल्याने त्याला हे कलम लागू होत नव्हते, पण विरोधकांना पुढची दिशा मिळाली.

26 डिसेंबर 1951 रोजी त्याच नगरसभेने, जिने दोन वर्षांपूर्वी एकमताने होकार दिला होता, 8 विरुद्ध 7 मतांनी करार रद्द करण्याचा ठराव केला. बाउरन यांनी तो मानला नाही. न्यायाधीश म्हणून घालवलेल्या वर्षांचा परिणाम असेल, पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न घरांचा जितका होता तितकाच दिलेल्या शब्दाचा होता: भूसंपादन सुरू झाले आहे, संघीय सरकारचा पैसा खर्च झाला आहे, आणि आता मागे फिरणे म्हणजे शहराची पत घालवणे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1952 च्या वसंतात त्यांचीच बाजू उचलून धरली आणि नगरसभेला करार एकतर्फी मोडता येणार नाही असा निर्णय दिला. तरीही जूनमधील मतदानात हा प्रश्न मतपत्रिकेवर आलाच. न्यायालयाच्या निर्णयामुळे त्या कौलाला कायदेशीर बळ उरले नव्हते, पण सुमारे तीनास दोन या प्रमाणात मतदारांनी घरांविरुद्ध मत दिले. कायदा महापौरांच्या बाजूला आणि मतदार विरुद्ध बाजूला अशी अवस्था झाली, आणि बाउरन यांनी कायद्याला धरून राहणे पसंत केले. तत्त्वाला ते धरून होते, पण राजकारण म्हणून ही निवड आत्मघातकी ठरली.

याच उन्हाळ्यात या वादाला नवे वळण मिळाले. प्राधिकरणाचे माहिती अधिकारी फ्रँक विल्किन्सन हे सुखवस्तू डॉक्टरांचे चिरंजीव, विद्यापीठात शिकलेले आणि मेथडिस्ट चर्चच्या संस्कारात वाढलेले गृहस्थ होते. गलिच्छ वस्त्यांची दृश्ये दाखवून नागरिकांना योजनेच्या बाजूने वळवणे हे त्यांचे काम होते, आणि त्यात त्यांचा हातखंडा होता. ऑगस्ट 1952 मध्ये चावेझ रव्हीनमधील भूसंपादनाच्या खटल्यात ते तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे असताना जमीनमालकांच्या वकिलाने त्यांना आजवर ते कोणकोणत्या संघटनांचे सभासद होते असे विचारले, आणि विल्किन्सन यांनी उत्तर देण्यास नकार दिला. त्या काळात असा नकार म्हणजे कबुलीच मानली जाई. राज्य विधिमंडळाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ तपासणाऱ्या समितीने प्राधिकरणातील कर्मचाऱ्यांची चौकशी लावली, आणि विल्किन्सन यांच्यासह काहींच्या नोकऱ्या गेल्या. विल्किन्सन हे खरोखरच कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, आणि उत्तरायुष्यात त्यांनी ते लपवले नाही. मात्र त्यामुळे 10 हजार घरांच्या योजनेची गरज, किंमत किंवा उपयुक्तता यांत तिळमात्र फरक पडत नव्हता. पण वादात आता घरे दुय्यम झाली होती.

निवडणुकीची तयारी अशा वातावरणात झाली. डिसेंबर 1952 च्या अखेरीस नॉर्मन चँडलर यांनी नॉरिस पोल्सन यांना पत्र लिहून महापौरपदासाठी उभे राहण्याची गळ घातली. ऑरेगॉनमध्ये जन्मलेले पोल्सन व्यवसायाने लेखापाल होते, रिपब्लिकन पक्षाकडून काँग्रेस या अमेरिकी कायदेमंडळात निवडून गेले होते, आणि कोलोराडो नदीच्या पाण्यावरील कॅलिफोर्नियाच्या हक्कासाठी ॲरिझोनाशी भांडणारा प्रतिनिधी म्हणून त्यांची थोडीफार ओळख होती. निवडणुकीचा पैसा उभा केला जाईल, महापौराचा पगार वाढवला जाईल, चालकासह मोठी मोटार मिळेल, असे त्या पत्रात सुचवलेले होते, आणि हे सारे पोल्सन यांनीच पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणाने नमूद केले आहे. शहरातील मोजक्या उद्योगपतींनी बंद दारामागे उमेदवार ठरवला, आणि नंतर त्याला मतदारांपुढे आणले. यात बेकायदा काही नव्हते. पक्षयंत्रणा नसलेल्या शहरात उमेदवार कोठून येतो याचे हे साधे उत्तर होते.

7 एप्रिलच्या प्राथमिक फेरीत पोल्सन पहिल्या आणि बाउरन दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पंधरा वर्षे पदावर असलेल्या महापौराला प्राथमिक फेरीतच मागे टाकले गेले, हे शहराला नवे होते. अंतिम फेरीच्या सात आठवड्यांत बाउरन यांनी आपला प्रचाराचा रोख बदलला आणि ‘टाइम्स’लाच प्रतिस्पर्धी मानून ते बोलू लागले: प्रश्न पोल्सन यांचा नाही, शहराचा महापौर मतदार निवडणार की एक वर्तमानपत्र, हा आहे. त्यांच्यामागे आता कामगार संघटना, डेमोक्रॅट, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांतील संघटना उभ्या राहिल्या. आयुष्यभर रिपब्लिकन राहिलेल्या माणसाभोवती डाव्या-उदारमतवादी आघाडीने गोळा व्हावे हे त्या निवडणुकीचे एक विलक्षण दृश्य होते. मात्र ज्या मध्यमवर्गीय गोऱ्या उपनगरांनी त्यांना 1938 पासून निवडून दिले होते, त्यांची साथ याच काळात सुटत गेली. त्या नव्या उपनगरांतल्या घरमालकाने कर्ज काढून घर घेतले होते, मालमत्ता कर तो भरत होता, आणि दुसऱ्याच्या भाड्यासाठी आपला कर का, हा त्याचा प्रश्न समाजवादाच्या आरोपापेक्षा अधिक खोलवरचा होता. प्रचारसाहित्यात लाल रंग ठळक असला तरी मतांचा मोठा भाग या रोखठोक हिशेबाने हलला असे मानण्यास जागा आहे.

तरीही शेवटच्या आठवड्यात घडलेला प्रकार नजरेआड करता येत नाही. मतदानाला थोडेच दिवस उरले असताना मिशिगनचे प्रतिनिधी क्लेअर हॉफमन यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसची एक उपसमिती लॉस एंजेलिसमध्ये येऊन गृहनिर्माण प्राधिकरणाची चौकशी करू लागली, आणि तिच्या बैठका दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आल्या. शहराचे पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांनी तेथे विल्किन्सन यांच्यावर खात्याने जमवलेल्या गोपनीय टाचणातील माहिती सांगितली आणि ती आपण पूर्वीच महापौरांच्या हाती दिली होती असेही सांगितले. पार्कर यांची नेमणूक बाउरन यांच्याच कारकिर्दीत, 1950 साली झाली होती. पोलिसांना राजकारणापासून वेगळे करण्यासाठी म्हणून पोलीसप्रमुखाच्या पदाला नोकरीची जी सुरक्षा देण्यात आली होती, तिच्याच आडोशाने त्या प्रमुखाला निवडणुकीत महापौराविरुद्ध एवढे निर्णायक बोलता आले. संशयिताची माहिती मिळूनही महापौर गप्प बसले, हा अर्थ प्रेक्षकांच्या मनात बसायला त्याहून जास्त काही लागले नाही.

पोल्सन सुमारे 53 टक्के मते मिळवून विजयी झाले. फरक भूकंप म्हणावा असा नव्हता. इतके वातावरण तापवूनही बाउरन यांना अडीच लाखांच्या आसपास मतदारांनी मत दिले, ही गोष्ट या निवडणुकीच्या वर्णनांत बहुधा गाळली जाते. त्याच निवडणुकीत रोझालिंड वीनर ही अवघी बावीस वर्षांची डेमोक्रॅट तरुणी नगरसभेवर निवडून आली. लग्नानंतर वायमन झालेल्या या नगरसेविकेने पुढे बेसबॉलचा संघ शहरात आणण्याची मोहीम हाती घेतली.

नव्या महापौरांनी सत्तेवर येताच वॉशिंग्टनशी बोलणी सुरू केली. तेथे आता आयझेनहॉवर यांचे सरकार होते आणि सार्वजनिक घरांविषयी त्याला उत्साह नव्हता. तडजोड झाली: ज्या वसाहतींचे काम सुरू झाले होते त्या पुऱ्या करायच्या, चावेझ रव्हीन आणि रोझ हिल्स येथील मोठ्या वसाहती सोडून द्यायच्या. ठरलेल्या 10 हजारांपैकी निम्म्याहून कमी घरे प्रत्यक्षात उभी राहिली. चावेझ रव्हीनची संपादित जमीन संघीय सरकारने खर्चापेक्षा पुष्कळ कमी किमतीत शहराला विकली, आणि तिचा वापर सार्वजनिक हेतूसाठीच व्हावा अशी अट घातली. तोपर्यंत बहुतेक कुटुंबे मोबदला घेऊन निघून गेली होती. नव्या घरांतला पहिला हक्क त्यांना लिहून दिलेला होता, पण ती घरेच झाली नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. 1953 ची निवडणूक क्रीडागारासाठी जमीन मोकळी करण्याच्या कटातून लढवली गेली असे लोकप्रिय लेखनात अनेकदा सूचित केले जाते. ब्रुकलिनच्या डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ’मॅली त्या वेळी आपल्याच शहरात नव्या मैदानाची खटपट करत होते, आणि लॉस एंजेलिसला संघ हलवण्याचा विचार त्यानंतर तीन-चार वर्षांनी पक्का झाला. मधल्या काळात या टेकड्यांचे काय करावे हे कोणालाच सुचत नव्हते. घरे होऊ द्यायची नाहीत एवढेच पोल्सन यांच्या पाठीराख्यांनी ठरवलेले होते. मोकळ्या पडलेल्या जमिनीला ऑक्टोबर 1957 मध्ये गिऱ्हाईक मिळाले, तेव्हा नगरसभेने 10 विरुद्ध 4 मतांनी ती ओ’मॅली यांना देण्याचा करार मान्य केला. मेक्सिकन वंशाचे नगरसेवक एडवर्ड रॉयबल विरोधकांत होते. गरिबांच्या घरांसाठी म्हणून घेतलेली जमीन खासगी मालकाला देणे हा कोणता सार्वजनिक हेतू, हा त्यांचा सवाल होता. जून 1958 मध्ये मतदारांनी अल्प बहुमताने त्या कराराला मान्यता दिली, आणि जानेवारी 1959 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. उरलेल्या मोजक्या कुटुंबांना त्याच वर्षी 8 मे रोजी काउंटी शेरीफच्या माणसांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर घराबाहेर काढले, आणि एप्रिल 1962 मध्ये डॉजर स्टेडियम सुरू झाले. गृहनिर्माणाच्या बाबतीत सरकारने जमीन घेऊ नये म्हणणाऱ्या वर्तमानपत्राला ही देवघेव खटकली नाही.

बाउरन 1956 साली पुन्हा न्यायाधीश झाले. विल्किन्सन यांना काँग्रेसच्या समितीपुढे उत्तर नाकारल्याबद्दल तुरुंगवास झाला. त्यांचे अपील 1961 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी फेटाळले, आणि सुटल्यावर त्यांनी तशा समित्या बंद व्हाव्यात म्हणून अनेक वर्षे चळवळ केली. पोल्सन 1957 मध्ये पुन्हा निवडून आले, पण 1961 मध्ये त्यांची गाठ सॅम यॉर्टी यांच्याशी पडली. यॉर्टी हे डेमोक्रॅट असले तरी कम्युनिस्टविरोधात कोणापेक्षाही कमी नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर लाल रंगाचा डाग टाकणे शक्य नव्हते. वर्तमानपत्र आणि व्यापारी धनिक शहर चालवतात हा बाउरन यांचाच आरोप त्यांनी उचलला, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मतदारांची साथ मिळवली, आणि जोडीला घरातला ओला कचरा व पत्र्याचे डबे वेगवेगळे ठेवण्याच्या नियमातून गृहिणींची सुटका करण्याचे आश्वासन दिले. ‘टाइम्स’ या वेळीही पोल्सन यांच्याच पाठीशी होता, आणि या वेळी मात्र त्याचा उमेदवार हरला.